एकच जोडी, सगळा डोंगर: फ्रीराइड स्की घेण्याआधी

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारहून हिवाळ्यात बर्फाकडे निघणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

दुकानात स्की बघायला येणाऱ्या बहुतेकांची मागणी एकच असते. “भो, एकच जोडी घ्यायचीय. खालच्या उतारावर, वरच्या पावडरमध्ये आणि कधीमधी पार्कात उड्या मारायला, सगळीकडे चालली पाहिजे.” पावडर म्हणजे न दाबलेला, भुसभुशीत ताजा बर्फ, पार्क म्हणजे उड्या-कसरतींसाठी बांधलेला उतार, आणि फ्रीराइड म्हणजे आखलेल्या उताराबाहेर मोकळ्या डोंगरावर उतरणं. मागणी रास्त आहे. आपलं जाणं वर्षातून एकदाच होतं, आणि रेल्वेच्या डब्यात दोन-दोन जोड्या घेऊन कोण चढणार? अशी जोडी मिळते. मात्र ती निवडताना तुमचे दिवस डोंगरावर प्रत्यक्षात कुठे जातात, ते आम्हाला खरं खरं सांगा. व्हिडिओत बघून आवडलेल्या उडीसाठी घेतलेली स्की उरलेला सगळा वेळ त्रास देते.

ज्यांना पहिल्यांदाच शिकायला जायचं आहे, त्यांनी या वर्षी काहीच विकत घेऊ नये. गुलमर्गला भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेचा कोर्स करा, साहित्य तिथलंच वापरा. दोन्ही स्की समांतर ठेवून मधल्या चढाच्या उतारावर न घाबरता वळता आलं, की मग आमच्याकडे या. त्याआधी घेतलेली स्की पुढच्या वर्षी बहुधा बदलावीच लागते.

आधी बूट

पैसे मोजके असतील तर आधी बूट घ्या, स्की भाड्याने मिळते. पायाची हालचाल स्कीपर्यंत पोचवतो तो बूटच. तो सैल असेल तर महागातली महाग स्कीसुद्धा वेळेवर वळत नाही. मापासाठी आम्ही बुटाचा आतला मऊ भाग बाहेर काढतो आणि नुसत्या कडक कवचात तुमचा पाय घालतो. बोटं पुढे हलकी टेकली, की टाचेमागे किती जागा उरते ते बघतो. एक ते दोन सेंटीमीटर जागा उरली तर माप बरोबर. त्याहून जास्त उरली तर बूट मोठा, मग दुकानात तो कितीही आरामशीर वाटो. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचे पाय पुढून पसरट असतात. त्यामुळे लांबी वाढवण्याऐवजी रुंद साच्याचा बूट बघावा लागतो. ९८, १०० आणि १०२ मिलिमीटर रुंदीचे साचे येतात, आणि १०० ते १०२ मध्ये पुष्कळांचं काम होतं. संध्याकाळी या, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो.

बुटाखालची रुंदी

स्कीवर छापलेल्या आकड्यांत पुढचं टोक, मध्य आणि शेपूट अशा तीन रुंद्या असतात. त्यातली मधली, म्हणजे बुटाखालची, सगळ्यात महत्त्वाची. पावसानंतर काळ्या रानात अरुंद चाक रुततं आणि रुंद चाक वरवर निघून जातं, तोच हिशेब इथे. ८० मिलिमीटरच्या आतली स्की कडक, दाबलेल्या बर्फावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पटकन येते, पण गुडघाभर पावडरमध्ये बुडते. ११० च्या पुढची पावडरमध्ये तरंगते. सकाळच्या टणक बर्फावर मात्र तिला कडेवर उभं करायला घोट्याला आणि गुडघ्याला जास्त जोर लावावा लागतो, आणि पार्कात हवेत फिरवायला ती जड पडते.

आमचा सल्ला ९४ ते १०२ या टप्प्याचा आहे. औलीसारख्या तयार केलेल्या उतारावरच जास्त वेळ जात असेल तर या टप्प्याच्या खालच्या टोकाला राहा. गुलमर्गच्या दुसऱ्या टप्प्याच्या गोंडोल्याने, म्हणजे तारेवरच्या पाळण्याने, वर जाणारे असाल तर १०० च्या आसपास घ्या. तो गोंडोला अफरवट शिखराच्या खांद्यावर साधारण ३,९५० मीटरवर सोडतो आणि गुलमर्गचं पठार आहे सुमारे २,६५० मीटरवर. म्हणजे एका खेपेत तेराशे मीटर उतार. वर उघडी वाटी, म्हणजे खोलगट मोकळा उतार, मग भोजपत्राची विरळ झाडं, खाली देवदार-फरचं दाट जंगल. बाबारेशीच्या बाजूला जंगलातून उतरताना दोन झाडांच्या मध्ये झटकन वळावं लागतं, आणि तिथे अतिरुंद, अतिलांब स्की हाताबाहेर जाते. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ कोरडा आणि भुसभुशीत असतो, मार्चमध्ये दुपारी ओला आणि जड होतो. एकाच जोडीने हे सगळं निभावायचं आहे.

टोकं कशी वळलेली आहेत

स्की जमिनीवर ठेवल्यावर मध्यभाग किंचित उचललेला असेल तर त्याला कॅम्बर म्हणतात. वजन पडलं की तो सपाट होतो आणि कड पूर्ण लांबीने बर्फ धरते. टोकं आधीपासूनच वर उचललेली असतील तर तो रॉकर. रॉकरमुळे स्की पावडरवर येते आणि वळायला सोपी जाते. आपल्याला दोन्ही हवेत. पायाखाली कॅम्बर, पुढे बऱ्यापैकी रॉकर, मागे थोडा. दुकानात दोन स्कींचे तळ एकमेकांना लावून उभ्या धरा आणि उजेडाकडे करून बघा. मध्ये फट दिसेल तो कॅम्बर, दोन्ही टोकांना लांबवर फट दिसेल तो रॉकर. वापरलेली जोडी घेताना मधली फट जवळजवळ नाहीशी झालेली दिसली तर ती स्की थकलेली आहे. स्वस्त मिळाली तरी नको.

पार्कासाठी शेपूटही वर वळलेली हवी, म्हणजे उलटं उतरता येतं. अशा ट्विन-टिप स्की १९९८ मध्ये सॉलोमनच्या टेनएटीमुळे घराघरांत पोचल्या. पुढे २००२ मध्ये शेन मॅकॉन्कीच्या कल्पनेतून व्होलांट कंपनीने स्पॅच्युला काढली आणि रॉकरचं युग सुरू झालं. आज तुम्ही जी ‘सगळीकडे चालणारी’ स्की मागता, ती या दोन कल्पना एकत्र आल्यामुळेच शक्य झाली. त्याआधी आम्हालाही नाहीच म्हणावं लागलं असतं.

लांबी आणि कडकपणा

या प्रकारात लांबी साधारण तुमच्या उंचीइतकी. वजन कमी असेल किंवा झाडीत आणि पार्कात जास्त रमत असाल तर पाच सेंटीमीटर कमी, उघड्या वाटीत वेगाने जाणाऱ्यांना पाच सेंटीमीटर जास्त. रॉकर जितका जास्त, तितकी बर्फाला टेकणारी लांबी कमी, म्हणून लांबी थोडी वाढली तरी घाबरू नका. वळणाची त्रिज्या, म्हणजे कडेवर टाकल्यावर स्की किती मोठं वळण घेते तो आकडा, १६ ते २० मीटर ठीक.

कडकपणा आकड्यात कळत नाही, हातानेच बघावा लागतो. शेपूट बुटाच्या टोकावर टेकवा, एका हाताने पुढचं टोक धरा आणि दुसऱ्या हाताने मध्यावर दाबा. मधोमध घट्ट आणि दोन्ही टोकांना हळूहळू मऊ होत जाणारी स्की आपल्या कामाची. आत टिटॅनलचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, पूर्ण पत्रा असलेली स्की वेगात शांत राहते, पण दमलेल्या पायांना चूक माफ करत नाही. ७५-८० किलोच्या आतल्या, वर्षातून एकदा जाणाऱ्या माणसाला आम्ही लाकडी गाभ्याची आणि धातूचा पूर्ण पत्रा नसलेली स्कीच सुचवतो.

नावं घ्यायची तर आर्माडाची एआरव्ही ९६ पार्काकडे झुकलेली आहे, अ‍ॅटॉमिकची बेंट १०० हलकी आणि खेळकर, सॉलोमनची क्यूएसटी ९८ फ्रीराइडकडे झुकलेली आणि खराब बर्फात भरवशाची. नॉर्डिकाची एन्फोर्सर उत्तम स्की आहे, पण तिच्यात धातू आहे. पाय तयार असतील तरच ती मागा. मॉडेलं आणि आकडे वर्षागणिक थोडे बदलतात, म्हणून नावापेक्षा वर सांगितलेली लक्षणं बघा.

पार्काबद्दल एक स्पष्ट बोलणं. परदेशातल्यासारखी रोज देखभाल होणारी मोठी पार्क आपल्या देशात नाहीत. कॅनडात शिकणारी किंवा जॉर्जियात गुडौरीला जाणारी आपली पोरं पार्कात जातात, त्यांच्यासाठी हा भाग. उड्या आणि बॉक्स (वरून घसरायचा रुंद पाट) या स्कीवर खुशाल करा. लोखंडी रेल (घसरायचा अरुंद दांडा) मात्र जपून. रेलवर कड अडकू नये म्हणून पार्कवाले पायाखालची कड बोथट करतात, आणि तीच कड तुम्हाला अफरवटवर सकाळच्या कडक बर्फात धारदार हवी असते. इथे तडजोड होत नाही. रेलचं वेड असेल तर पार्काची जुनी जोडी तिथेच भाड्याने घ्या.

बाइंडिंग

बाइंडिंग म्हणजे पडल्यावर बूट वेळेत सोडणारं यंत्र. ते किती जोरावर सुटावं हे डीआयएन (सुटण्याच्या जोराचं ठरलेलं माप) आकड्यावर ठरतं. तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही किती आक्रमक उतरता, यावरून तक्त्यात बघून काढतात. वय ५० किंवा त्याहून जास्त असेल तर सेटिंग एक पायरी हलकं ठेवतात. मित्राने सांगितला म्हणून आकडा वाढवू नका. स्की सुटली नाही तर गुडघ्याचा लिगामेंट तुटू शकतो, आणि त्याच्या ऑपरेशननंतर परत उभं राहायला अनेक महिने जातात. वजन-उंची सांगताना लाजू नका, दोन किलो कमी करून सांगू नका. खोट्या वजनावर लावलेलं बाइंडिंग नको तिथे सुटतं.

बाइंडिंग घेताना तुमचा आकडा त्याच्या पट्ट्याच्या मध्यावर येईल असं घ्या, अगदी टोकावर नको. ब्रेकची रुंदी स्कीच्या मध्याइतकी किंवा फार तर १५ मिलिमीटर जास्त. बुटाचा तळ ग्रिपवॉक (चालायला सोयीचा, वळणदार) आहे की जुना सपाट अल्पाइन, ते आम्ही जुळवून बघतो. न जुळणारा तळ बसतो, पण नीट सुटत नाही.

बसवायची जागाही महत्त्वाची. पार्कवाले स्कीच्या मध्याजवळ बसवतात, पक्के फ्रीराइडवाले मध्यापासून आठ-दहा सेंटीमीटर मागे. आपल्यासाठी कंपनीने आखलेली रेघ किंवा तिच्यापुढे एक-दोन सेंटीमीटर. एकदा भोकं पाडली की बदलणं अवघड, म्हणून दोन पर्याय मनात असतील तर रुळावर सरकणारं बाइंडिंग घ्या. थोडं जड असतं, पण पहिल्या वर्षी उपयोगी पडतं.

वर जाणाऱ्यांसाठी

स्की रुंद झाली म्हणून डोंगर सुरक्षित होत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अफरवटवर हिमस्खलनात एका परदेशी स्कीअरचा जीव गेला. गोंडोल्याच्या आखलेल्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं असेल तर ट्रान्सीव्हर (बर्फात गाडलेल्याला शोधणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाजवळ हवं, ते वापरता आलं पाहिजे, आणि स्थानिक गाइड सोबत हवा. त्या दिवशीचा हिमस्खलनाचा इशारा बघितल्याशिवाय निघू नका. हे तिन्ही साहित्य स्कीबरोबर घेणाऱ्याला आम्ही दुकानामागच्या मोकळ्या जागेत ट्रान्सीव्हर पुरून शोधायला लावतो. आग्रहाने लावतो.

खानदेशातला उन्हाळा

हा भाग कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात मिळणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या माळ्यावर त्याहून कितीतरी जास्त. स्कीचे थर गोंदाने चिकटवलेले असतात. अशा उष्णतेत ते सुटायला लागतात, कडेला बोट फिरवलं तर बारीक फट लागते. माळा नको, गच्ची नको, गाडीची डिकी तर नकोच. घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा. गावाकडे धाब्याचं घर असेल तर त्याची आतली खोली उत्तम.

परत आल्यावर स्की पुसून पूर्ण कोरडी करा, कडांवरचा गंज रबराने काढा, आणि तळाला व कडांना मेणाचा जाड थर देऊन तो न खरवडता तसाच राहू द्या. पावसाळ्यात हाच थर कडांना गंजापासून वाचवतो. मेण लावायला घरातली कपड्यांची इस्त्री वापरू नका. तिचं तापमान वर-खाली होतं आणि तळ जळतो. मेणाची इस्त्री आमच्याकडे आहे, जोडी आणून द्या. पट्टा मध्यावर आवळू नका, कॅम्बर दबतो. बुटाचा आतला भाग बाहेर काढून सावलीत वाळवा आणि बक्कल हलकी लावून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी कवचाचा आकार बदललेला असतो.

जोडी ठरवायला येताना तुमचे बूट आणा. नसतील तर पातळ, लांब मोजे आणा. कुणी मोबाइलवर घेतलेला तुमच्या उतरण्याचा व्हिडिओ असेल तर तोही दाखवा. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओवरून आम्हाला पुष्कळ कळतं. बाइंडिंग बसवून, तपासून द्यायला एक दिवस लागतो, म्हणून गाडीच्या आदल्या दिवशी येऊ नका.