गल्ल्यावर पैसे घेताना: रोख, स्कॅन, कार्ड, कूपन आणि उधारी

नमस्कार.

आमचं बिलिंग मशीन तुमच्या गल्ल्यावर बसवलं त्या दिवशी आमच्या माणसाने सगळी बटणं दाखवली असतील. पण तेव्हा समोर गिऱ्हाईक उभं, आतून 'दोन मिसळ, एक कट' चाललेलं, त्यात काय लक्षात राहणार? शिवाय गल्ल्यावरचा माणूस बदलतो. नवा येतो, त्याला जुना दोन मिनिटांत काहीतरी सांगतो आणि गावाला जातो. म्हणून हे माहितीपत्रक. गल्ल्याच्या खणात ठेवा.

रात्री आम्हाला जे फोन येतात, त्यांतले बरेचसे एकाच तक्रारीचे असतात: "मशीनचा हिशेब जुळत नाही." तपासायला बसलं की बेरीज बरोबरच निघते. घोळ असतो तो बिल बंद करताना. मशीन विचारतं, पैसे कसे आले? आणि घाईत हात 'रोख'वर पडतो, कारण ते बटण पहिलं आहे. गिऱ्हाइकाने स्कॅन केलेलं असतं, मशीनला वाटतं नोटा आल्या. दिवसभरात असं दहा वेळा झालं की रात्री गल्ल्यात पैसे कमी आणि बँकेत जास्त. मग बिचाऱ्या पोरावर संशय.

तेव्हा दोनच गोष्टी पाळा. पैसे आल्याशिवाय बिल बंद करू नका, आणि जसे पैसे आले तसंच बटण दाबा.

रोख

सकाळी गल्ला उघडताना सुरुवातीचे सुट्टे किती, ते आधी टाका. ते टाकलं नाही तर रात्री तेवढी रक्कम 'जास्त' दिसते.

गिऱ्हाइकाने किती दिले तो आकडाही टाका. बिल २३७ रुपये, दिले ५००, तर परत २६३ हे पडद्यावर दिसतं. तोंडी हिशेब येतो हो सगळ्यांना, पण दुपारी एकच्या गर्दीत पाचशेची नोट दिली की दोनशेची यावर वाद झाला, तर हाच आकडा कामाला येतो. रुपयाखालच्या पैशांची काळजी नको, मशीन जवळच्या रुपयावर आणतं. २२६ रुपयांच्या बिलावर ५ टक्के जीएसटी ११.३० रुपये, एकूण २३७.३०, म्हणून २३७.

गल्ल्यातून कोथिंबीर, दूध, बर्फ, टेम्पोवाल्याचं भाडं जे काही देता, ते 'खर्च' बटणाखाली लिहा. रोख कमी पडण्याचं हे दुसरं मोठं कारण. 'नंतर लिहू' म्हणून राहिलेलं कधीच लिहिलं जात नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

दहाच्या नाण्यावरून अजूनही काही ठिकाणी हुज्जत चालते. रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या जानेवारीतच स्पष्ट केलं आहे की दहाच्या नाण्याच्या तेव्हाच्या चौदाही नक्षी चालतात. बिनधास्त घ्या, सुट्ट्यांची ददात मिटते. दोन हजारांची नोट क्वचित येते. ती कायद्याने चालते, पण ऑक्टोबर २०२३ नंतर नेहमीच्या बँकेच्या खिडकीवर ती घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात द्यावी लागते. आपल्याकडे ती मुंबई, बेलापूर आणि नागपूरला आहेत, नाहीतर पोस्टाने पाठवायची. एका नोटेसाठी एवढा खटाटोप करायचा का, ते तुम्ही ठरवा.

लग्नामुंजीच्या जेवणाच्या ऑर्डरी घेत असाल तर एक लक्षात ठेवा. एकाच व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एका कार्यासाठी मिळून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे. रक्कम हप्त्याहप्त्याने घेतली म्हणून सुटका नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो.

स्कॅन म्हणजे यूपीआय

सर्वात जास्त पैसे आता इथूनच येतात आणि सर्वात जास्त गोंधळही इथेच.

स्कॅनर दोन तऱ्हेचे. एक टेबलावर किंवा गल्ल्यावर चिकटवलेला स्टिकर. त्यात रक्कम नसते, गिऱ्हाईक स्वतः टाकतं. दुसरा मशीनच्या पडद्यावर येतो, त्या बिलापुरता, रक्कम आत भरलेली. आमचा आग्रह दुसऱ्याचा. गिऱ्हाइकाला आकडा टाकावा लागत नाही, ४२० च्या जागी २४० येत नाहीत, आणि पैसे पोचल्याचा निरोप बँकेकडून आला की बिल आपोआप बंद होतं. कुठलं बटण दाबायचं हा प्रश्नच उरत नाही.

स्टिकरवर पैसे आले तर 'यूपीआय स्टिकर' दाबा. मशीन व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे मागतं. पूर्ण क्रमांक बारा आकडी असतो, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर दिसतो. चार आकडे टाकायला कंटाळा येतो, मान्य. पण महिन्याने कुणी "मी दोनदा भरले" म्हणत आलं, तर याच आकड्यांवरून ते बिल सापडतं.

गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरची हिरवी खूण पाहून मान डोलावू नका. हुबेहूब तशी खूण दाखवणारी खोटी ॲप आहेत, आणि कालचा स्क्रीनशॉट आज दाखवणारेही आहेत. बोलणारा डबा (आलेली रक्कम पुकारणारा साउंडबॉक्स) बोलला किंवा आपल्या मशीनवर पैसे दिसले, तरच पैसे आले. गर्दीत डब्याने भलत्याच टेबलाचे पैसे पुकारलेले असू शकतात, म्हणून रक्कमही ऐका. आणि रोज सकाळी दुकान उघडल्यावर स्वतःच्या मोबाइलवरून स्टिकरवर एक रुपया पाठवून बघा. रात्रीत वरून दुसऱ्याचा स्टिकर चिकटवून जाणारे महाभाग असतात.

"माझे कटले, तुमचे आले नाहीत" हा प्रसंग रोजचा. अशा वेळी आवाज चढवू नका, गिऱ्हाईक खोटंच बोलतंय असं नसतं. 'पेमेंट तपासा' दाबा. 'प्रलंबित' दिसलं तर थोडं थांबून पुन्हा तपासा. तरीही आले नाहीत तर दुसऱ्या प्रकारे पैसे मागा आणि त्यांना नीट समजावून सांगा: खात्यातून वळते झालेले पण व्यापाऱ्यापर्यंत न पोचलेले पैसे बँकेने पाच दिवसांच्या आत आपोआप परत करायचे असतात. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा तसा नियम आहे, आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. एवढं शांतपणे सांगितलं की बहुतेक लोक ऐकतात. नेहमीचं गिऱ्हाईक असेल तर बिल 'थांबलेलं' म्हणून ठेवा आणि जाऊ द्या.

खर्चाचं म्हणाल, तर बँक खात्यातून येणाऱ्या यूपीआयवर व्यापाऱ्याला शुल्क नाही; जानेवारी २०२० पासून असंच आहे. रुपे क्रेडिट कार्ड जोडून केलेलं यूपीआय मात्र वेगळं. लहान व्यापाऱ्याला २,००० रुपयांपर्यंत त्यावर शुल्क लागत नाही, त्यावरच्या रकमेला कार्डासारखी कपात होते. दोन्ही स्कॅन एकसारखेच दिसतात, फरक महिनाअखेरीस बँकेच्या कागदावर कळतो.

'स्कॅन घेतलं की जीएसटीवाले मागे लागतात' असं ऐकून काहींनी स्टिकर काढून ठेवले. २०२५ च्या जुलैमध्ये बंगळुरूत यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा आल्या, तेव्हापासून ही भीती जास्तच पसरली. कर उलाढालीवर असतो, पैसे कसे आले त्यावर नाही. हॉटेलची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी करावीच लागते, मग सगळा धंदा नोटांत केला तरी. घरच्या उसनवारीचे आणि भिशीचे पैसे मात्र दुकानाच्या स्टिकरवर घेऊ नका. तेही विक्रीत धरले गेले तर खुलासे तुम्हालाच करावे लागतील.

कार्ड

स्वाइप मशीन आपल्या बिलिंग मशीनला जोडलेलं असेल तर रक्कम आपोआप तिकडे जाते. नसेल तर हाताने टाकावी लागते, आणि तिथे एक शून्य जास्त पडायला वेळ लागत नाही. रक्कम गिऱ्हाइकाला दाखवून मगच पुढे जा.

५,००० रुपयांपर्यंत नुसतं टेकवून, पिनशिवाय होतं. त्यावर पिन लागतोच. कार्ड टेकवूनही काही होत नसेल तर मशीन बिघडलं असं समजू नका. बऱ्याच कार्डांवर ही सोय आधी बंद असते, ग्राहकाने बँकेच्या ॲपमधून चालू करावी लागते. तोवर कार्ड खाचेत घाला. परदेशी कार्डांना कधी पिनऐवजी सही लागते. मशीन मागेल तसं करा, आणि सहीची चिठ्ठी जपून ठेवा. मशीन टेबलापाशी न्या, कार्ड आत नेऊ नका. कार्डाचा नंबर किंवा मागचे तीन आकडे कशावरही लिहून ठेवू नका, अगदी गिऱ्हाइकाने "लिहून घ्या, पुढच्या वेळी लागेल" म्हटलं तरी.

कार्डाची रक्कम बँकेत कापून येते. समजा एका पार्टीचं १०,००० चं बिल क्रेडिट कार्डाने आलं आणि तुमचा दर १.८ टक्के आहे. १८० रुपये शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी ३२.४०, म्हणजे खात्यात ९,७८७.६० पडतील. मशीन मात्र १०,००० दाखवणार, कारण विक्री तेवढीच झाली. हा फरक म्हणजे चोरी नव्हे. 'कार्डावर २ टक्के जादा' अशी पाटी लावायचा मोह होतो, पण डेबिट कार्डावर हे शुल्क ग्राहकाकडून घेता येत नाही. पाटी असेल तर काढा.

चुकीची रक्कम गेली तर त्याच दिवशी, रात्रीचं सेटलमेंट (दिवसभराचे कार्डाचे व्यवहार बँकेकडे पक्के करणं) होण्याआधी 'रद्द' करा. सेटलमेंटनंतर 'परतावा' करावा लागतो आणि त्याला काही दिवस जातात. दोन्ही वेळा पैसे त्याच कार्डावर परत जाऊ द्या. कार्डाने आलेले पैसे गल्ल्यातून रोख परत देऊ नका. पुढे त्याच माणसाने बँकेकडे तक्रार केली तर तीच रक्कम दुसऱ्यांदा जाते.

मील कार्ड आणि ऑनलाइन ऑर्डर

आयटी कंपन्यांच्या आसपासच्या हॉटेलांत प्लक्सी, म्हणजे पूर्वीचं सोडेक्सो, अशी जेवणाची कार्डं येतात. त्यांना 'मील कार्ड' हे वेगळं बटण आहे. परमिट रूम असेल तर दारूचं बिल त्यात घालू नका, ते वेगळं फाडा. तसंही दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो.

झोमॅटो, स्विगीच्या ऑर्डरीवर गल्ल्यात काहीच येत नाही. रायडरने ग्राहकाकडून रोख घेतली तरी ती कंपनीकडे जाते, आणि तुम्हाला कमिशन कापून मिळते. म्हणून 'ऑनलाइन' बटण. हे चुकू नका याला आणखी एक कारण आहे: जानेवारी २०२२ पासून या ऑर्डरींवरचा हॉटेलचा जीएसटी ती कंपनीच भरते. तुम्ही त्या रोखीत दाखवल्या तर तोच कर तुम्ही पुन्हा भरायला बसाल. टेबलावर जेवून त्यांच्याच ॲपमधून बिल भरणारे असतात, त्यांचंही बटण हेच. फक्त तुमच्याकडच्या ॲपमध्ये बिल भरल्याचं दिसेपर्यंत थांबा.

मेंबर आणि उधारी

खानावळीच्या मेंबरने महिन्याचे पैसे आगाऊ भरले की ते 'मेंबर जमा' मध्ये टाका. मग प्रत्येक ताटाला 'मेंबर खाते' दाबायचं, शिल्लक आपोआप कमी होते. सुट्टीवर गेलेल्याचे दिवस पुढे ढकलता येतात.

'आज रोख, उद्या उधार' ही पाटी वर आणि खाली वही, हे आम्हाला ठाऊक आहे. हरकत नाही, पण उधारी मशीनमध्येही लिहा. जेवण झालं त्या दिवशी 'उधार' आणि पैसे आले त्या दिवशी 'उधारी वसुली'. वसुलीचं नवीन बिल फाडू नका, विक्री दुप्पट दिसेल.

टीटीएमएम आणि टिप

सहा पोरं, बिल ८६०. एकजण ३०० रोख देतो, दुसरा ४०० स्कॅन करतो, उरलेले १६० तिसरा कार्डाने. 'विभागून' दाबा, प्रत्येक रक्कम आणि तिचा प्रकार टाका. बाकी शून्य झाल्याशिवाय बिल बंद होत नाही. त्यासाठी एकाची तीन बिलं करायची गरज नाही.

बिल ९४० चं, ग्राहकाने कार्डावर १,००० घ्या आणि बाकीचे वेटरला द्या म्हटलं, तर ९४० विक्रीत आणि ६० 'टिप' मध्ये टाका. गल्ल्यातून वेटरला साठ रुपये देताना 'टिप दिली' दाबा. पोरांच्या हक्काचे पैसे आहेत, त्याच दिवशी द्या.

रात्री

'दिवस बंद' करण्याआधी स्वाइप मशीनचं सेटलमेंट करा. मग मशीन प्रकारानुसार बेरजा देईल. रोख मोजा आणि सुरुवातीचे सुट्टे, रोख विक्री, रोख वसुली, रोख मेंबर जमा यांची बेरीज वजा खर्च वजा वेटरला दिलेली टिप याच्याशी ताडून बघा. यूपीआयची बेरीज बँकेच्या ॲपशी जुळवा. पन्नासशंभरचा फरक आला तर आधी खर्च लिहायचा राहिला का पाहा. रोख जेवढी कमी, बरोबर तेवढंच यूपीआय जास्त असेल, तर बटण चुकलंय. त्या बिलावर 'प्रकार बदला' करता येतं, पण दिवस बंद करण्याआधीच. नंतर ते फक्त मालकाच्या पासवर्डने होतं.

नेट गेलं तर बिलं छापली जातात, रोखही चालते. पडद्यावरचा स्कॅनर मात्र येत नाही, तेव्हा स्टिकर वापरा आणि पैसे आल्याची खात्री बोलणाऱ्या डब्यावर करा; बहुतेक डब्यांत स्वतःचं सिमकार्ड असतं. अडलंच तर मशीनच्या मागच्या स्टिकरवर आमचा नंबर आहे. फोन करताना बिल क्रमांक हाताशी ठेवा.