शिसवावर जवसाचं तेल का वाळत नाही?

लातूर, परभणी, नांदेडकडे लाकडाला जवसाचं तेल पाजायची रीत जुनी आहे. तिच्या जोडीला एक समजही आहे की तेल पाजलं की लाकूड पोसतं, जिवंत राहतं. आता पेन, डबी, चाकूची मूठ अशा लहान वस्तूंसाठी कोकोबोलो, पडाउक, एबनी, पर्पलहार्ट या परदेशी लाकडांचे ठोकळे ऑनलाइन मिळू लागलेत. हौशी मंडळी त्यांनाही तेल चोपडतात आणि कित्येक दिवसांनीही वस्तू हाताला चिकटत राहते. मग तेलात भेसळ होती असं म्हणून मोकळं होतात. कोकोबोलोच्या बाबतीत तरी तेल बहुधा शुद्धच असतं. अडचण लाकडात असते.

पोसण्याचा मुद्दा आधी निकालात काढू. गाभ्याच्या लाकडातल्या पेशी झाड उभं असतानाच मेलेल्या असतात. त्यांना अन्न लागत नाही. ओल आणि हाताचा घाम आत जाऊ नये, लाकडाची वीण उठून दिसावी, एवढ्यासाठीच आपण तेल लावतो.

तर हे तेल ‘वाळतं’ म्हणजे काय होतं? पाणी वाळतं तेव्हा उडून जातं. जवसाचं तेल उडत नाही, उलट हवेतला ऑक्सिजन पकडतं आणि सुरुवातीला त्याचं वजन चक्क वाढतं. त्याच्या मेदाम्लांपैकी साधारण निम्मं लिनोलेनिक आम्ल असतं आणि त्याच्या रेणूत कार्बनचे तीन दुहेरी बंध असतात. दोन दुहेरी बंधांच्या मधे जो कार्बन असतो, त्याचा हायड्रोजन फार सैल असतो. तो निघाला की तिथे एक एकटा इलेक्ट्रॉन उरतो, म्हणजे मुक्त मूलक तयार होतो. त्याला ऑक्सिजन येऊन चिकटतो. हा नवा मूलक शेजारच्या रेणूचा सैल हायड्रोजन ओढतो, तो शेजारी पुढच्याचा ओढतो, आणि साखळी सुरू राहते. या धामधुमीत रेणू एकमेकांना आडवे जोडले जातात आणि पातळ तेलाचं घट्ट जाळं होतं. आयोडीन मूल्यावरून तेलात दुहेरी बंध किती ते कळतं. ते खोबरेलात 10 च्या आसपास, शेंगदाणा तेलात 90 च्या, आपल्या करडईत 145 च्या, तर जवसात 180 च्या आसपास असतं. म्हणून शेंगदाण्याचं तेल लाकडावर कधीच कडक होत नाही, करडईचं रेंगाळत होतं आणि जवसाचं नीट होतं.

आता शिसव घ्या. शिसव आणि कोकोबोलो दोघंही डालबर्जिया प्रजातीतले. कीड आणि बुरशी लागू नये म्हणून झाड गाभ्यात फिनॉल जातीची रसायनं साठवतं. शिसवातलं लॅटिफोलिन त्यांपैकीच एक. फिनॉल आपला हायड्रोजन मूलकाला चटकन देऊन टाकतं आणि स्वतः इतकं स्थिर मूलक बनतं की ते पुढच्या कुणाला छेडत नाही. साखळी तिथेच तुटते. खाद्यतेलाच्या पाकिटावर अँटिऑक्सिडंट 319 लिहिलेलं असतं, ते तेल खवट होऊ नये म्हणून हेच काम करतं. स्वयंपाकघरात जे हवंसं, ते इथे नडतं. कोकोबोलोच्या भुश्यानं अनेकांच्या अंगावर पुरळ उठतो, त्यालाही गाभ्यातली अशीच रसायनं कारण आहेत. घासताना मास्क लावाच.

एबनीचा काळा रंगही गाभ्यात साठलेल्या अशाच द्रव्यांचा. त्याच्या माळा आज ‘ऊर्जा देणाऱ्या’ म्हणून महाग विकल्या जातात. काळेपणात ग्रहांचा हात नाही. झाडानं स्वतःच्या बचावासाठी केलेली ती तजवीज आहे.

म्हणून माझा कौल चपडा लाखेच्या स्पिरिट पॉलिशला. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुमवर राळ सोडतो, तीच ही लाख. रांचीजवळ नामकुमला 1924 पासून तिच्यावर संशोधन चालू आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, लावल्यावर स्पिरिट उडतं, पापुद्रा उरतो. मूलकांची साखळी इथे लागतच नाही, त्यामुळे फिनॉलला तोडायला काही नसतं. 400 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, अॅसिटोनच्या फडक्यानं पुसा आणि लगेच कापसाच्या बोळ्यानं पातळ हात फिरवा. दोन-तीन हात पुरेत. वर मधमाशीचं मेण चोळा. मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर अशी वस्तू ठेवू नका. लाखेला गरम कपाचाही डाग पडतो, म्हणून चहाच्या पेल्याला ती नको.

पडाउकची मात्र एक खोड आहे. त्याचा लाल रंग स्पिरिटमध्ये सुटतो. शेजारी फिकट लाकूड जडवलं असेल तर बोळा लाली तिकडे ओढून नेतो. तिथे पहिला हात फवाऱ्यानं द्यावा.

पर्पलहार्टला तेल चालतं. पण चिंध्यांचं भान ठेवा. तेल वाळतानाची ती मूलकांची साखळी उष्णता सोडते आणि बोळा करून फेकलेल्या चिंधीत ती कोंडली की चिंधी आपोआप पेटते. 1991 मध्ये फिलाडेल्फियातली 38 मजली इमारत अशाच जवस तेलाच्या चिंध्यांमुळे पेटली आणि आग विझवताना 3 जवान गेले. आपल्याकडच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तर चिंधी मोकळी पसरून वाळवावी किंवा पाण्यानं भरलेल्या डब्यात बुडवून ठेवावी.