नकाराचे स्थलांतर, इंग्रजीतील

एखाद्या गोष्टीविषयी शंका किंवा असहमती सांगताना नकार त्या गोष्टीला न लावता ‘थिंक’, ‘बिलीव्ह’, ‘सपोज’ अशा विचारवाचक क्रियापदाला लावण्याची इंग्रजीतील लकब. ‘तो येणार नाही’ असे ज्याचे मत आहे, तो इंग्रजी भाषक सहसा ‘आय थिंक ही वोन्ट कम’ म्हणत नाही. ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’ म्हणतो. शब्दांवर बोट ठेवले तर येथे नाकारला आहे तो विचार. पण बोलणाऱ्याचा विचार झालेला असतो, आणि ‘येणार नाही’ हाच त्याचा निष्कर्ष असतो. व्याकरणात या लकबीला ‘नेग-रेझिंग’ किंवा, थोड्या जुन्या नावाने, ‘निगेटिव्ह ट्रान्सपोर्टेशन’ म्हणतात.

मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही, कारण ‘तो येईल असं मला वाटत नाही’ हे आपण रोजच बोलतो. किंबहुना ‘नवल वाटणार नाही’ असे लिहितानाही नकार ‘वाटणे’लाच लागला. पण दोन्ही भाषांत ही सोय प्रत्येक क्रियापदाला नाही. इंग्रजीत ‘थिंक’, ‘बिलीव्ह’, ‘सपोज’, ‘एक्स्पेक्ट’, ‘इमॅजिन’, ‘वॉन्ट’, ‘सीम’ यांना ती आहे. ‘नो’ (माहीत असणे), ‘से’, ‘क्लेम’, ‘रिग्रेट’ यांना नाही. ‘ती आजारी आहे असं मी म्हणत नाही’ याचा अर्थ ‘ती आजारी नाही असं मी म्हणतो’ असा होत नाही. ‘होप’ तर फारच हट्टी आहे. पाऊस पडेल का, असे विचारल्यावर ‘आय डोन्ट थिंक सो’ चालते, पण ‘आय डोन्ट होप सो’ चालत नाही. तिथे ‘आय होप नॉट’च म्हणावे लागते. उलट ‘आय थिंक नॉट’ व्याकरणात बसते, पण ऐकणाऱ्याला ते ताठर, क्वचित उर्मट वाटते.

ही निवड कशावरून ठरते, याचे बरेचसे समाधानकारक उत्तर भाषाशास्त्रज्ञ लॉरेन्स हॉर्न यांनी दिले आहे. ही सोय मधल्या ताकदीच्या शब्दांना मिळते. ‘शक्य आहे’ हे फार दुबळे, ‘खात्री आहे’ हे फार भक्कम. ‘संभव आहे’, ‘वाटते’ हे मधले. ‘त्याची मला खात्री नाही’ म्हणणाऱ्याला उलट गोष्टीची खात्री असते असे नाही, पण ‘मला वाटत नाही’ म्हणणाऱ्याला उलटेच वाटत असते.

नकार मुळात आतल्या वाक्यातला आहे, हे ओळखण्याची एक खूण म्हणजे फक्त नकारातच शोभणारे वाक्प्रचार. ‘लिफ्ट अ फिंगर’ (मदतीला बोटही उचलणे) हा इंग्रजीतला तसा एक. आपल्याकडे ‘इकडची काडी तिकडे करणे’ आहे: ‘तो घरात इकडची काडी तिकडे करतो’ असे कौतुकाने कोणी म्हणत नाही, ‘करत नाही’ असेच म्हणतात. आता ‘तो इकडची काडी तिकडे करेल असं मला वाटत नाही’ हे वाक्य सहज जमते, तर ‘करेल असं मी जाहीर केलेलं नाही’ हे कानाला खटकते. नकार ‘वाटणे’पाशी बसला तरी काडीपर्यंत पोहोचतो, ‘जाहीर करणे’पाशी बसला की तिथेच अडतो. इंग्रजीत ‘थिंक’ आणि ‘क्लेम’ यांच्यात हाच फरक दिसतो.

या लकबीकडे लक्ष जाणे बरेच जुने आहे. अकराव्या शतकातील तत्त्वज्ञ संत अ‍ॅन्सेल्म यांनी लॅटिनमधल्या अशाच रचनेची दखल घेतली होती: ‘पाप करणे बंधनकारक नाही’ असे शब्द, आणि अर्थ मात्र ‘पाप न करणे बंधनकारक आहे’. इंग्रजीपुरते ऑटो येस्पर्सन यांनी 1917 मध्ये तिच्याविषयी लिहिले. चार्ल्स फिलमोर यांनी 1963 मध्ये आतल्या वाक्यातला नकार उचलून वरच्या क्रियापदापाशी नेणारा व्याकरणिक नियम मांडला. रॉबिन लेकॉफ यांनी 1969 मध्ये या नियमाला शेपटी-प्रश्नांचा, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडलेल्या छोट्या प्रश्नांचा, आधार दिला. इंग्रजीत नकारार्थी वाक्याला होकारार्थी शेपटी लागते. ‘आय डोन्ट सपोज ही विल कम, विल ही?’ यातली शेपटी आतल्या वाक्याची आहे आणि ती होकारार्थी आहे, म्हणजे ते वाक्य मुळात नकारार्थी असले पाहिजे.

रेनाटे बार्ट्श यांनी 1973 मध्ये हे सगळे उलटवले. नकार कुठूनही हलत नाही, असे त्यांचे म्हणणे. माणसाचे एखाद्या विषयावर मत असतेच, मग ते ‘आहे’ असे असो वा ‘नाही’ असे, हे आपण गृहीत धरतो. त्यातले ‘आहे’ नाकारले की ‘नाही’ उरते. हे गृहीतक कुठे फसते ते देवाच्या प्रश्नात दिसते. ‘देव आहे असं मी मानत नाही’ म्हणणारा कदाचित फक्त अज्ञेयवादी असेल, पण ऐकणारा त्याला नास्तिक ठरवून मोकळा होतो. क्रिस कॉलिन्स आणि पॉल पोस्टल यांनी 2014 मध्ये स्थलांतराची बाजू पुन्हा लढवली; वाद मिटलेला नाही. बार्ट्श यांचे स्पष्टीकरण अधिक साधे आहे, पण ती शेपटी आणि काडी त्याला सहज आवरत नाहीत.

वापरात या लकबीचे काम सौम्यपणाचे आहे. नकार घटनेपासून जितका दूर, तितकी त्याची धार कमी. बैठकीत ‘धिस प्लॅन वोन्ट वर्क’ म्हणणे वेगळे आणि ‘आय डोन्ट थिंक धिस प्लॅन विल वर्क’ म्हणणे वेगळे. ‘आय डोन्ट सपोज यू कुड हेल्प मी?’ ही तर शंकेच्या आडून केलेली विनंतीच आहे. मात्र ‘थिंक’वर जोर दिला की सगळे फिरते: ‘आय डोन्ट थिंक, आय नो’, म्हणजे नुसते वाटत नाही, ठाऊक आहे.

शंकेसाठी इंग्रजीत ‘डाउट’ हे स्वतंत्र क्रियापदही आहे, आणि त्यात नकार आधीच मुरलेला आहे: ‘आय डाउट ही विल कम’ म्हणजे बहुधा तो येणार नाही. याचे ‘तो येईल अशी मला शंका आहे’ असे भाषांतर अर्थ फिरवू शकते, कारण मराठीतली ‘अशी शंका’ संशयाकडे झुकते. ‘तो चोरी करत असेल अशी मला शंका आहे’ म्हणजे करत असावा. ‘तो येईल याची मला शंकाच आहे’ म्हटले की अर्थ जागेवर येतो. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत ‘डाउट’चाही असा संशयाचा किंवा भीतीचा अर्थ होता, आणि स्कॉटलंडमध्ये तो अजून ऐकू येतो. तिथे ‘आय डाउट इट विल रेन’ म्हणणारा माणूस छत्री घेऊन निघतो.