नकट्या सापाच्या लग्नाला सतराशे विघ्नं

1766 मध्ये लिनियस या स्वीडिश निसर्ग-अभ्यासकाने एका अमेरिकी सापाचे नाव ‘कोलुबर सिमस’ असे नोंदवले. ‘सिमस’ म्हणजे नकटा. साप कॅरोलिनातून आला होता. तिथे चार्ल्सटन गावात डॉक्टरकी करणाऱ्या अलेक्झांडर गार्डन या स्कॉटिश गृहस्थाने मासे, साप, झाडे जे हाती लागेल ते लिनियसकडे पाठवण्याचा सपाटा लावला होता. याच गार्डनच्या नावावरून ‘गार्डेनिया’ हे नाव आले, म्हणजे आपल्या परसातला अनंत. साप पाठवणाऱ्याचे नाव ज्या फुलाला मिळाले, त्याला आपण नेमके शेषाचेच नाव दिलेले असावे, हा निव्वळ योगायोग. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हा नकटा आज दक्षिणी हॉगनोज म्हणून ओळखला जातो. हॉगनोज म्हणजे डुकराच्या नाकाचा. तोंडाच्या टोकाचा खवला वर वळून त्याचे फावडे झालेले असते आणि ते वाळू उकरायला कामी येते. उत्तर अमेरिकेतल्या या सापांची प्रजाती ‘हेटरोडॉन’. 1801 मध्ये लात्रेय या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकाने हे नाव दिले. मात्र साप पाळणारे लोक हॉगनोज म्हणताना आणखी दोन गट त्यात धरतात. दक्षिण अमेरिकेत चाको भागातला लाल-काळा-पांढरा तिरंगी हॉगनोज, जो पूर्वी ‘लिस्ट्रोफिस’ होता आणि 2009 नंतर ‘झेनोडॉन’मध्ये गेला, आणि मादागास्करचा ‘लिओहेटरोडॉन’, सहज दीड मीटर भरणारा. यांची नाती दूरची. जमीन उकरून पोट भरायचे तर नाक असेच हवे, म्हणून नाके तेवढी एकसारखी झाली.

या सगळ्यांत घराघरांत पोहोचला तो एकच, पश्चिमी हॉगनोज, ‘हेटरोडॉन नासिकस’. अमेरिकेच्या गवताळ मैदानांतला हा ठेंगणा, जाडसर साप आज पिढ्यान्‌पिढ्या डब्यांत जन्मतो आणि डब्यांतच म्हातारा होतो. बाकीचे अजून ‘दुर्मीळ’ सदरातच आहेत. त्यातला पूर्वेकडचा हॉगनोज तर रानात अनेक ठिकाणी नेहमी दिसणारा, तरी पाळणाऱ्यांकडे विरळा. असे का, याचे उत्तर माझ्या मते रंगात, स्वभावात किंवा किमतीत शोधण्यापेक्षा ताटात शोधावे. हॉगनोजच्या बंदिवासाचा इतिहास म्हणजे भेक विरुद्ध उंदीर.

भेक म्हणजे अंगावर चामखिळीसारखे फोड असलेला, कोरड्या कातडीचा बेडूक. त्याच्या कानामागच्या ग्रंथींत असे विष असते की ते हृदयाच्या पेशींतला सोडियमचा पंपच, म्हणजे पेशीतले सोडियम बाहेर टाकणारे प्रथिनच, अडवते. कुत्र्याने तोंडात धरला तर फेस येतो. पूर्वेकडचे आणि दक्षिणी हॉगनोज मात्र प्रामुख्याने त्याच्यावरच जगतात. 1955 मध्ये हॉबर्ट स्मिथ आणि फ्रेड व्हाइट यांनी दाखवले की या सापांच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी शरीराच्या मानाने फारच मोठ्या असतात, आणि त्याचा संबंध त्यांनी भेकांच्या आहाराशी जोडला. पुढे पेशींच्या पातळीवरचे कामही झाले: भेक खाणाऱ्या सापांत सोडियम पंपाच्या प्रथिनातच असे बदल आहेत की विषाला तिथे नीट चिकटता येत नाही. थोडक्यात, ही केवळ खाण्यातली आवड नव्हे. सापाचे अख्खे शरीर त्या एका घासासाठी घडले आहे.

पश्चिमी हॉगनोज एवढा एकमार्गी नाही. ड्वाइट प्लॅट यांनी कॅन्ससच्या वाळूच्या गवताळ रानात पूर्वेकडचा आणि पश्चिमी अशा दोन्ही जातींचा वर्षानुवर्षे माग काढला आणि 1969 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पश्चिमी हॉगनोजच्या खाण्यात भेक होतेच, पण सरडे, सरपटणाऱ्यांची पुरून ठेवलेली अंडी आणि उंदरांची पिल्लेही होती. या शेवटच्या नोंदीवर पुढचा सगळा छंद उभा राहिला असे म्हटले तरी चालेल. कारण माणसाला बारा महिने, एका मापाचे आणि गोठवून ठेवता येईल असे एकच खाद्य परवडते, ते म्हणजे पांढरा उंदीर. प्रयोगशाळांसाठी उंदीर पैदा करण्याचे तंत्र विसाव्या शतकात पक्के झाले आणि ते सापवाल्यांच्या आयते हाती आले. जो साप उंदीर खाईल तो टिकेल, हा बंदिवासातला निवडीचा नियम झाला.

तरी पश्चिमीची पिल्लेही पहिल्या घासाला नाटके करतात. नुकते फुटलेले पिल्लू जेमतेम पेन्सिलीएवढे. त्याच्यासाठी ‘पिंकी’, म्हणजे केस न आलेले उंदराचे पिल्लू, फ्रीझरमधून काढून कोमट पाण्यात सोडतात, पुसतात, चिमट्यात धरून समोर हलवतात. पिल्लू मान पसरते, फुसकारते, मिटलेल्या तोंडानेच चिमट्यावर धडका देते आणि खात मात्र नाही. मग युक्त्या सुरू होतात. पिंकीला डब्यातल्या ट्यूना किंवा सामन माशाचे पाणी चोळायचे. तेही नाही चालले तर खरा इलाज: अनेक जण फ्रीझरच्या कोपऱ्यात, पिशवीत गुंडाळून, एक मेलेला भेक ठेवतातच. पिंकी त्याच्या पाठीवर घासली की वास उतरतो. सापाची जीभ दोनदा लवलवते आणि घास आत जातो. पुढे दर खेपेला वास थोडा थोडा कमी करत नुसत्या उंदरावर आणायचे. पश्चिमीच्या बाबतीत हे आठवड्यांत जमते. पूर्वेकडच्या हॉगनोजच्या बाबतीत महिने जातात, आणि दक्षिणीची कित्येक पिल्ले शेवटपर्यंत ऐकत नाहीत.

पैदाशीचे तंत्र त्या मानाने सरळ आहे. हिवाळ्यात दोन-तीन महिने 10 ते 13 अंश सेल्सिअसला शीतनिद्रा, वसंतात जोडी एकत्र, उन्हाळ्यात ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या भुशात) अंडी, 27-28 अंशांना सुमारे दोन महिने उबवण. मादी नरापेक्षा बरीच मोठी असते. हंगामात नर खाणे सोडून देतो आणि नवशिका मालक घाबरून जातो. पश्चिमीत या सोप्या गणिताला रंगांची जोड मिळाली. ‘अ‍ॅनाकोंडा’ या प्रकारात जनुकाची एक प्रत ठिपके विरळ करते. दोन प्रती आल्या की नक्षीच पुसली जाते, तो ‘सुपरकोंडा’. नाव अजगराचे आणि साप हातभर! बाजार मात्र याच नावांवर चालतो.

तिरंगी हॉगनोजची गोष्ट मधली. तिकडच्या विषारी कोरल सापाची तो नक्कल करतो, जसा आपल्याकडे बिनविषारी कवड्या मण्यारीसारखा दिसतो आणि त्या पायी हकनाक मारला जातो. हा उंदीर त्या मानाने लवकर स्वीकारतो, म्हणून हळूहळू पसरतो आहे. मादागास्करचा तर खादाडच. पण रानातून धरलेले साप स्वस्तात येत असताना घरी अंडी उबवण्याची खटपट कोण करतो? त्याच्या पैदाशीला उशीर झाला तो या व्यापारामुळे.

राहिला नकटा. सगळ्या हेटरोडॉनमध्ये हा लहान, जेमतेम अर्धा मीटर. याचे घर म्हणजे लांब सुयांच्या पाइनची वाळूतली विरळ वने. ती एके काळी सुमारे 9 कोटी एकर होती. त्यातली पाच टक्क्यांच्या आसपास उरली. मिसिसिपी आणि अलाबामात हा साप कित्येक दशके दिसलेला नाही. जॉर्जियात देशी बिनविषारी सापही परवान्याशिवाय पाळता येत नाहीत, जसे आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी साप घरात ठेवता येत नाहीत. म्हणजे जोड्याच मोजक्या. त्यात खाद्य हवे ते फावड्या पायांच्या बेडकाचे, जो स्वतः वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली पुरलेला असतो आणि जोरदार पावसाच्या रात्रीच वर येतो. त्यामुळे ज्यांच्याकडे हा साप आहे ते पावसाळी रात्री बॅटरी घेऊन बाहेर पडतात आणि अंडी फुटायच्या आधी फ्रीझर भरून ठेवतात.