प्रेसिंग (फुटबॉल)

चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या पायात असताना मागे हटून वाट न पाहता, संपूर्ण संघाने एकजुटीने पुढे सरकत तो परत मिळवण्याच्या बचावपद्धतीला फुटबॉलमध्ये प्रेसिंग म्हणतात. आपल्या पेनल्टी क्षेत्राजवळ मिळवलेला चेंडू समोरच्या गोलपर्यंत न्यायला जवळपास ९० मीटर कापावे लागतात. तोच चेंडू समोरच्या स्टॉपरकडून (बचावफळीच्या मधल्या खेळाडूकडून) काढून घेतला, तर एका पासात गोलची संधी तयार होते, कारण त्या क्षणी त्याच्या संघाचे दोन्ही बॅक (कडेचे बचावपटू) चढाईसाठी रुंद पसरलेले असतात. चेंडू किती वेळा हिसकावला यापेक्षा तो कुठे हिसकावला, हे त्यामुळे अधिक मोलाचे ठरते.

प्रेसिंग म्हणजे चेंडूमागे धावणे, हा सर्वांत घातक गैरसमज आहे. एकटा फॉरवर्ड धावून गेला, की समोरचा खेळाडू सहज पास देतो आणि धावणाऱ्याची दमछाक वाया जाते. कबड्डीत एकट्या बचावपटूने झेप घेतली तर चढाईपटू निसटतो, साखळीने कोपऱ्यात कोंडला तर सापडतो; इथेही तसेच आहे. पहिला खेळाडू सरळ न धावता वळसा घेत जातो, म्हणजे आतल्या बाजूचा पास त्याच्या अंगाआड झाकला जातो आणि चेंडूवाला टचलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेकडे, ढकलला जातो. दुसरा आणि तिसरा खेळाडू जवळचे पर्याय बंद करतात. स्टॉपर वर सरकतात, जेणेकरून बचावफळी आणि मध्यफळी यांच्यात मोकळी जागा राहणार नाही. ही शेवटची हालचालच बहुतेक संघांत चुकते: पुढचे धावतात, मागचे भीतीने जागेवर थांबतात आणि संघ मधोमध फाटतो.

कधी तुटून पडायचे याच्या खुणा ठरलेल्या असतात. पहिल्या स्पर्शात चेंडू पायापासून लांब गेला, पास उसळत आला, चेंडू घेणाऱ्याची पाठ दबाव टाकणाऱ्या संघाच्या गोलकडे असली किंवा गोलरक्षकाला संथ बॅकपास दिला गेला, की दबाव टाकावा. खूण नसेल तर रचना सांभाळून थांबणे हाही बचावच आहे. जवळ पोहोचल्यावर वेग कमी करून, गुडघे वाकवून, अंग तिरके ठेवून उभे राहावे. लगेच टॅकलमध्ये झोकून देणारा खेळाडू एका डॉजमध्ये बाद होतो.

१९६०च्या दशकात प्रशिक्षक विक्टर मास्लोव्ह यांच्या डायनॅमो कीव्ह या सोव्हिएत क्लबने ही पद्धत संघटितपणे वापरली. प्रशिक्षक आरिगो साक्की यांच्या एसी मिलान या इटालियन क्लबने १९८९ आणि १९९० मध्ये युरोपियन कप जिंकला, तो पहिल्या आणि शेवटच्या फळीतले अंतर सुमारे २५ मीटरपर्यंत आवळून. नियमांनीही हातभार लावला. सहकाऱ्याने पायाने मुद्दाम दिलेला चेंडू हातात घेण्यास गोलरक्षकाला १९९२ मध्ये बंदी झाली. २०१९ पासून गोलकिकचा चेंडू सहकाऱ्याला पेनल्टी क्षेत्रातच घेता येऊ लागल्याने संघ मागूनच लहान पासांनी खेळ रचू लागले आणि तिथे दबाव टाकण्याची संधी वाढली.

पुण्यात बचावाची चांगली परंपरा पुणे एफसीने घातली. २००७ मध्ये स्थापन झालेला हा क्लब आय-लीग या तेव्हाच्या देशातील अव्वल लीगमध्ये २०१२-१३ साली उपविजेता ठरला. प्रशिक्षक डेरिक परेरा स्वतः भारताचे नावाजलेले बचावपटू होते आणि पुढे भारताकडून खेळलेला अनस एडाथोडिका याच क्लबच्या बचावफळीत घडला. एफसी पुणे सिटीने २०१७-१८ मध्ये इंडियन सुपर लीगची उपांत्य फेरी गाठली. बालेवाडीतील पहिल्या सामन्यात बेंगळुरू एफसीला ०-० रोखले. परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीच्या तीन गोलांनी १-३ असा पराभव झाला. २०१९ मध्ये तो क्लब बंद पडला, ही शहराच्या फुटबॉलची मोठी हानी आहे.

जिल्हा लीगच्या मुलांसमोरची अडचण वेगळी आहे. मातीच्या खडबडीत मैदानावर चेंडू उसळतो, पहिला स्पर्श वारंवार चुकतो, म्हणजे दबावाच्या खुणा भरपूर मिळतात. पण सराव मात्र बहुतेकदा भाड्याच्या जाळीबंद टर्फवर, पाच-पाच जणांत होतो. तिथे जवळून चेंडू काढून घेण्याचे कसब उत्तम येते, परंतु साधारणतः ऑफसाइड (बचावफळीच्या पलीकडे उभ्या खेळाडूला पास देण्यावरची बंदी) नसतो, फळ्या नसतात, त्यामुळे सर्वांनी एकदम वर सरकण्याची सवय लागत नाही. यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा तरी मोठ्या मैदानाचा अर्धा भाग मिळवून आठ विरुद्ध आठ खेळणे, ऑफसाइड लावणे आणि चेंडू हिसकावल्यापासून आठ सेकंदांत झालेला गोल दुप्पट मोजणे.