प्रवासपूर्व देशाभ्यास

परदेशी जाण्याआधी त्या देशाचा इतिहास, धर्माचार आणि रीतभात समजून घेण्याची तयारी. सातारा-सांगलीकडच्या अनेकांची पहिली परदेशवारी थायलंडची असते, म्हणून येथे उदाहरण त्याच देशाचे घेतले आहे.

सुरुवात टूरच्या कार्यक्रमाच्या कागदापासून करावी. त्यातले प्रत्येक ठिकाण वहीत उतरवून पुढे कोणी बांधले, केव्हा आणि आज तेथे पूजा चालते का, एवढे लिहावे. सगळ्या देशाचा इतिहास पहिल्यापासून वाचायला घेतला की सुखोथाई या सुरुवातीच्या राज्यातच आठवडा जातो आणि बँकॉक कोरे राहते. पार्श्वभूमीसाठी वाईच्या मराठी विश्वकोशातील देशनोंदी भक्कम आहेत व संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. मात्र पहिला खंड 1976 चा; बऱ्याच नोंदींतली लोकसंख्या, चलन आणि राजवट त्या काळची समजावी.

सनावळ्या नुसत्या पाठ केल्या तर विमानतळावरच विसरतात. वहीत दोन रकाने पाडून डावीकडे आपल्याकडच्या घटना लिहाव्यात. 1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने सयामची (थायलंडचे जुने नाव) तेव्हाची राजधानी अयुथ्या उद्ध्वस्त केली तेव्हा पुण्यात थोरले माधवराव पेशवे होते. 1782 मध्ये पहिला राम या राजाने बँकॉकला राजधानी केली. मराठे व इंग्रज यांच्यातला सालबाईचा तह त्याच वर्षीचा. 1848 मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले, तर 1855 मध्ये सयामने ब्रिटिशांना बोवरिंग कराराने व्यापारी सवलती दिल्या. सयाम कधीच वसाहत झाला नाही. का, हे कळायला हे दोन रकाने शेजारी असावे लागतात.

सर्वांत मोठी फसगत ओळखीच्या गोष्टींत होते. बँकॉकच्या राजवाड्याच्या आवारातल्या वात फ्रा केओ या मंदिराच्या ओवऱ्यांत रामकियनची, म्हणजे थाई रामायणाची, 178 भित्तिचित्रे आहेत. चाफळ, मसूर, शिराळा असे समर्थांचे अकरा मारुती पाहत वाढलेल्या माणसाला तेथला हनुमान चक्रावून टाकतो: तो रसिक आहे आणि रावणाची मुलगी, मत्स्यकन्या सुवर्णमच्छा हिच्यापासून त्याला मुलगाही आहे. ‘आपलेच रामायण’ म्हणून पुढे सरकणाऱ्याला निम्मी चित्रे कळत नाहीत. रामकथा आहे म्हणून देश हिंदू, हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निष्कर्षही चुकीचा. बहुसंख्य लोक थेरवादी (श्रीलंका-ब्रह्मदेशात चालतो त्या जुन्या पंथाचे) बौद्ध आहेत.

नियम कारणासह वाचावेत. खांदे व गुडघे झाकलेले नसतील तर राजवाड्यात सोडत नाहीत. डोके पवित्र, पाय हीन मानतात. म्हणून बुद्धमूर्तीसमोर पाय पसरू नयेत आणि मुलांच्या डोक्यावर कौतुकाने हात ठेवू नये. महिलांनी भिक्षूंना स्पर्श करू नये. राजघराण्याच्या अवमानाला फौजदारी कायद्याच्या कलम 112 नुसार 3 ते 15 वर्षे कैद आहे, तेव्हा राजावरचे विनोद गमतीतही टाळावेत. पाकिटावर 2569 असे वर्ष दिसले तर ते बुद्धसंवतातले समजून इसवी सनासाठी 543 वजा करावेत. शाकाहाऱ्यांनी ‘जे’ हा शुद्ध शाकाहारासाठीचा थाई शब्द शिकून घ्यावा. नुसते ‘मांस नको’ म्हटले तर माशाचा सॉस पडतोच. ‘जे’ जेवणात तो नसतो, कांदा-लसूणही नसतो.