राजधानी गेली, बाजार राहिला : गुलमंडी आणि भोवतालच्या गल्ल्यांची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरात नवखा माणूस संध्याकाळी पैठण गेटमधून आत शिरला, तर टिळक पथावरून गुलमंडीपर्यंतचं अंतर चालण्यापेक्षा गर्दीच त्याला ढकलत नेते. एका बाजूला साड्यांची दुकानं, दुसऱ्या बाजूला हातगाड्या, मधून दुचाक्या, आणि या सगळ्यांतून वाट काढणारी एखादी रिक्षा. पुढे सुपारी हनुमानाचं मंदिर, मग मछली खडक, सराफा, सिटी चौक, शहागंज. हा पट्टा एवढा दाट का, याचं उत्तर आजच्या दुकानांत मिळत नाही. त्यासाठी चारशे वर्षं मागं जावं लागतं.

इथं आधी खडकी नावाचं गाव होतं. १६१० मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं ते राजधानीसाठी निवडलं. मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून त्यानं १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभारला. पण त्याचं खरं काम जमिनीखाली आहे. उत्तरेकडच्या डोंगरांतून पाणी आणणारी नहर त्यानं बांधली. कुठलाही उपसा न करता, नुसत्या उतारावर, भुयारी मार्गानं आणि मातीच्या नळांतून पाणी शहरात यायचं. वाटेत दाब मोडायला आणि हवा जायला उंच मनोरे होते. पुढच्या काळात अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीला आजही पर्यटक येतात, ती अशाच पाण्यावर फिरायची. जुन्या शहरात वस्ती कुठे दाटली आणि कुठे विरळ राहिली, हे दरवाज्यांपेक्षा या पाण्यानंच जास्त ठरवलं, असं मला वाटतं. दरवाज्यांचे फोटो निघतात, नहरीचे निघत नाहीत, एवढाच फरक.

औरंगजेब १६५३ मध्ये दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि गावाला त्याचं नाव मिळालं : औरंगाबाद. बादशहा झाल्यावर तो पुन्हा दख्खनेत उतरला, आणि १६८२ मध्ये मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धाकानं शहराभोवती तटबंदी झाली. ‘बावन्न दरवाज्यांचं शहर’ म्हणताना आपण मोठ्या वेशींसोबत खिडक्या म्हणजे तटातले लहानसहान दरवाजेही मोजतो, पण ते बिरुद आता कुणी सोडणार नाही. तटाच्या बाहेर मुघलांसोबत आलेल्या सरदारांचे तळ पडले. जयसिंगपुरा, जसवंतपुरा, पहाडसिंगपुरा ही त्यांचीच नावं. करणपुरा आणि पदमपुरा तर बिकानेरच्या बापलेकांचे : राजा करणसिंह आणि त्याचा मुलगा पदमसिंह. आज नवरात्रात करणपुऱ्याच्या देवीच्या यात्रेत पाळण्यात बसणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की ही जागा कधीकाळी राजस्थानातून आलेल्या फौजेची होती?

फौज म्हटली की तिच्यामागं बाजार आलाच. घोड्यांना दाणा, शिपायांना भाकर, सरदारांना किनखाब. रंगारगल्ली, कुंभारवाडा, सराफा, कासारी बाजार ही नावं पाहिली की कोण कुठे बसत होतं ते सांगायला नकाशा लागत नाही. सूत आणि रेशीम मिळून विणलेला हिमरू याच मागणीवर वाढला. गिऱ्हाईक होता दरबार. म्हणूनच दरबार उठल्यावर सगळ्यात आधी विणकर अडचणीत आला. आज हिमरू म्हणून जे विकलं जातं त्यात यंत्रमागाचा माल बराच असतो. हातमागावर बसणारी घरं बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत.

नान-खलियाची गोष्टही याच जातीची. गावात कुणालाही विचारा, तो महंमद तुघलकापासून सुरुवात करेल : दिल्लीहून दौलताबादला राजधानी हलवताना एवढ्या मोठ्या लष्कराला खाऊ घालायचं कसं, म्हणून टिकणारी नान आणि एकाच मोठ्या भांड्यात शिजणारा खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा. कथा झकास आहे. पण तुघलकाची ती धावपळ १३२७ ची, आणि खडकीत राजधानी वसली त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. पाककृती दौलताबादेहून कुणाच्या हातानं इथवर आली, की मुघल छावणीत नव्यानं रुळली, हे कुणी छातीठोक सांगू नये. एवढं मात्र दिसतं की हे घरच्या चार माणसांचं जेवण नाही, पंगतीचं आहे. लग्नात, उरुसात आणि रमजानच्या रात्री शहागंज-सिटी चौकाकडे फिरलं की ते पटतं. हळदीच्या रंगाची, तंदूरमधून निघालेली नान थप्पीनं रचलेली असते आणि माणसं डझनावारी बांधून नेतात. गुलमंडीकडे मात्र सकाळची ओढ इमरतीची. दोन्ही ठिकाणी रांगेत उभे राहणारे बरेचदा तेच लोक असतात.

आता मूळ मुद्दा. १७२४ मध्ये मुघलांचा दख्खनचा सुभेदार निजामुल्मुल्क स्वतंत्र झाला तेव्हा त्याची राजधानी इथंच होती. १७६३ मध्ये निजाम अलीनं ती हैदराबादला नेली. सरदार गेले, हवेल्या ओस पडल्या, बागा सुकल्या. पण पेढीवाला, सराफ, रंगारी, तांबट यांना उठून जाणं तितकं सोपं नव्हतं. त्यांनी गिऱ्हाईक बदललं. दरबाराच्या जागी पैठण, गंगापूर, वैजापूर, फुलंब्रीचा शेतकरी आला. राजधानीच्या मापानं बेतलेला बाजार तालुक्यांच्या कामी लागला, आणि गुलमंडीची आजची गर्दी ही त्या जुन्या मापाचीच शिल्लक आहे. १९०० च्या सुमारास निजामाच्या रेल्वेनं मनमाड आणि हैदराबाद जोडलं, स्टेशन तटाबाहेर दूर पडलं, मोंढ्यात धान्याची आवक वाढली. तरी किरकोळ खरेदी आतल्या गल्ल्यांतच राहिली. छावणीचा गुरुवारचा आणि जाफर गेटचा रविवारचा आठवडी बाजार आजही भरतो, खेड्याच्या वेळापत्रकानं.

बोलीवरही या सगळ्याचा थर आहे. वली आणि सिराज हे दख्खनी-उर्दूचे मोठे कवी याच शहराचे. बाजारात मात्र कवितेची भाषा चालत नाही. इथं ‘भाऊ, कितीला देता?’चं उत्तर ‘लेलो ना आपा, तुमको जास्ती बोलूंगा क्या’ असं येतं आणि कुणाला ते खटकत नाही.

निजामी राजवटीत शाळा-कचेरीची भाषा उर्दू होती. १९१५ मध्ये सरस्वती भुवन संस्थेची सुरुवात झाली, त्यामागं मराठीतून शिकण्याची भूक होती. ही संस्था जिथं आहे त्या औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांची दुकानं एकाला एक लागून का आहेत, याचं कारण फार लांब शोधायला नको. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकारानं मिलिंद महाविद्यालय निघालं, १९५८ मध्ये विद्यापीठ झालं. बीड, परभणी, नांदेडहून पत्र्याची पेटी घेऊन आलेली पोरं खोल्या शोधत जुन्या शहरात शिरली. खानावळी वाढल्या, सायकलची दुकानं वाढली, चौकातल्या चहाच्या टपरीवर चर्चेची पातळी वाढली. १९७८ ते १९९४ या, विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव देण्याच्या म्हणजे नामांतराच्या वर्षांत तीच चर्चा रस्त्यावर आली.

उत्सवांचे मार्ग अजून जुन्या तटाच्या आतलेच आहेत. गणेश विसर्जनाची मिरवणूक राजाबाजारातल्या ग्रामदैवत संस्थान गणपतीपासून निघते आणि शहागंज, सिटी चौक, गुलमंडी असा रस्ता धरते. ईदची खरेदीही याच रस्त्यावर होते. हे गोड चित्र रंगवताना मे २०१८ लपवून चालणार नाही. मोतीकारंजा, राजाबाजार, शहागंज या भागांत दंगल झाली, दुकानं जळाली, माणसं गेली. एवढ्या चिकटून असलेल्या गल्ल्यांत ठिणगीला अंतर कापावं लागत नाही. आणि दुकानं पुन्हा उघडताना शेजारचा तोच असतो, हेही तितकंच खरं.

सत्तरच्या दशकापासून सिडको पूर्वेला वाढलं, १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, पगारदार वर्ग बाहेर राहायला गेला. मोंढ्याची घाऊक उलाढाल जाधववाडीकडे सरकली. मॉल झाले. २०२३ मध्ये शहराचं नावही बदललं. तरी लग्नाचा बस्ता बांधायचा असला की खेड्यातून जीप भरून माणसं अजून गुलमंडीवरच उतरतात : नवरीची मावशी, दोन आत्या, हिशेब धरणारा मामा आणि कुणीच विचारत नाही असा नवरदेव. पैठण गेट ते गुलमंडी रस्त्यावर वाहनं बंद करून तो पादचाऱ्यांना मोकळा करावा, हा विषय निघाला की दुकानदार कुरकुरतात ते याच गिऱ्हाइकासाठी. दहा साड्या, पाच धोतरजोड्या आणि भांड्यांचा संच डोक्यावर घेऊन मामानं जीपपर्यंत किती चालायचं?